कॉफीची सत्यप्रत

अनोळखी माणसाने दिलेला खाद्यपदार्थ खाऊ नका, ही सूचना रेल्वे आपल्याला किती वर्षं देते आहे! डब्यात चिकटवून देते, फलाटावरच्या भोंग्यातून तीन-तीन भाषांत देते. सूचना योग्यच आहे. गुंगीचं बिस्किट खाऊन मनमाडला झोपलेला गृहस्थ इटारसीला नुसत्या बनियनवर जागा झाला, अशा बातम्या आपणही वाचतो. पण अनोळखी माणसाने दिलेलं मत घेऊ नका, अशी सूचना मात्र रेल्वेला अजून सुचलेली नाही. वास्तविक बिस्किटाची गुंगी दिवसभरात उतरते, पोलिसांत तक्रार तरी करता येते. मताचं तसं नाही. ते एकदा पोटात गेलं की घरी परतल्यावरसुद्धा, आपल्याच ओट्याशी उभं राहून आपल्याच कपातला घोट घेताना वर येतं.

कप म्हटलं तो मुद्दाम कॉफीचा. चहाच्या वाटेला ही माणसं फारशी जात नाहीत. चहा पाणचट असेल, कडूजहर असेल, उकळून उकळून काळा ठिक्कर पडलेला असेल, पण तो चहाच असतो. एस.टी. स्टँडवरच्या कँटीनचा तो डांबरी द्रव पितानासुद्धा शेजारचा माणूस "काय हा चहा!" एवढंच म्हणतो; म्हणजे शिवी देतानाही त्याचं चहापण मान्य करतो. कॉफीला ही सवलत नाही. कॉफी बिघडत नाही, ती एकदम कॉफीच नसते. "ही कॉफी नव्हे हो!" हे वाक्य मी विमानतळावर ऐकलं आहे, घाटातल्या हॉटेलात ऐकलं आहे, लग्नाच्या हॉलमध्ये त्या वाफ सोडणाऱ्या यंत्रापुढच्या रांगेत तर हमखास ऐकलं आहे. आणि ते उच्चारणाऱ्यांपैकी एकाही सद्गृहस्थाला मी "ही कॉफी आहे का?" असं विचारलेलं नव्हतं.

बँकेत आम्ही लोकांच्या झेरॉक्सवर 'मूळ प्रतीशी पडताळली' असा शिक्का मारतो. त्यासाठी मूळ प्रत समोर लागते, हा साधा नियम आहे. कितीही मोठा ग्राहक असो, "मूळ प्रत माझ्या मनात आहे" असं म्हणाला तर शिक्का बसत नाही. आता दक्षिणेत कॉफीला 'कापी' म्हणत असल्यामुळे कॉफी आणि कॉपी यांत फार अंतर राहत नाही, हे खरं. तरीपण माझा प्रश्न उरतोच. ही खरी आणि ती खोटी असा शिक्का मारत हिंडणाऱ्या मंडळींनी कॉफीची मूळ प्रत पाहिली कुठे?

मध्यंतरी आम्ही दोघं चिकमगळूरला निघालो होतो. कॉफीच्या गावाला जायचं आणि गाडीतून उतरायचं स्टेशन कोणतं, तर कडूर! (रेल्वे सहसा असा विनोद करत नाही.) पुण्याहून दुपारी गाडी सुटली. समोरच्या बाकावर एक वयस्कर बाई होत्या, बेळगावला भावाकडे चाललेल्या. त्यांच्या शेजारी एक तरुण, पाठीवरच्या पिशवीतून घरापेक्षा जास्त सामान काढणारा. खिडकीशी बंगळूरला जाणारे एक तमिळ गृहस्थ. त्यांना मराठी उत्तम येत होतं. तीस वर्षं चेंबूरला काढलेली.

सातारा मागे पडलं तसा बाईंनी थर्मास काढला. फिरकीचं झाकण, आत बुच, वर जुन्या पातळाचा फडका. सोबत स्टीलचे लहान पेले, मोजून सहा. म्हणजे घरातून निघतानाच या बाईंनी, अजून न भेटलेल्या पाच माणसांची सोय केली होती. बुच काढल्याबरोबर जायफळाचा वास सुटला आणि मी पुण्यापासून हातात धरलेलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

ज्यांच्या घरी ही कॉफी होत होती त्यांना सांगायला नको. दूध उकळतं ठेवायचं, साखर घालताना हात आखडायचा नाही, कॉफीची पूड चमच्याने नव्हे तर बेताने घालायची आणि वरून जायफळ किसायचं. ते जायफळ कधीही अख्खं नसतं. एका बाजूने झिजलेलं, डब्यात त्याच्याच मापाच्या चिमुकल्या किसणीशेजारी पडलेलं असतं, आणि बहुधा आधीच्या पिढीने विकत घेतलेलं असतं. ही कॉफी रोजची नव्हे. ती पाहुण्यांची. रात्रीचं जेवण होऊन पाहुणे चपला शोधायला लागले की "कॉफी घेतल्याशिवाय जायचं नाही" अशी आतून आज्ञा यायची. हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं तर असं निर्दोष पेय दुसरं नाही. कॉफीने झोप उडते, जायफळाने येते. डेबिट-क्रेडिट जुळतं, शिल्लक शून्य.

तर बाईंनी पहिला पेला त्या तरुणापुढे केला. त्याने तो घेतला, हुंगला आणि अत्यंत आदराने म्हणाला,

"आजी, राग मानू नका, पण ही कॉफी नाही. हे कॉफी फ्लेवरचं दूध आहे."

आणि त्याने पिशवीतून हाताने फिरवायची एक छोटी चक्की काढली! पुढची वीस मिनिटं आमच्या डब्यात शिकवणी चालली. दाणे कोणत्या मळ्यातले, समुद्रसपाटीपासून किती उंचीवरचे, पाणी किती अंशांचं हवं, दूध घालणं हा कसा गुन्हा आहे आणि साखर हा कसा त्याहून मोठा. त्याच्या पुड्यावर चवींची नावंही छापलेली होती. जांभूळ, संत्र्याची साल, काकवी. मी नीट वाचून घेतली. म्हणजे कॉफीत जांभूळ लागलं तर ती कॉफी अस्सल, आणि जायफळ लागलं तर ते दूध!

एवढ्यात खिडकीकडून तमिळ गृहस्थांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, दूध हवंच, साखरही हवी, पण डिकॉक्शन फिल्टरमधूनच उतरलं पाहिजे, पितळेच्या असेल तर उत्तम, आणि पेल्यातून दवऱ्यात, दवऱ्यातून पेल्यात असं हातभर उंचीवरून ओतल्याशिवाय तिला कॉफी म्हणता येत नाही. बाकी सगळं पावडरवालं पाणी. "शुद्धता पाहिजे," असं ते तीनदा म्हणाले.

शुद्धतेबद्दल मला आदर आहे. पण फिल्टर कॉफीत चिकोरी असते, हे माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास कॉफी दळून घेणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. तिथे 80-20 की 60-40 असं विचारूनच दळतात. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ते एक मूळ आहे, मुळ्या-गाजरासारखं जमिनीतून उपटायचं, भाजायचं आणि दळायचं. 1806 मध्ये नेपोलियनने इंग्रजी व्यापाराची नाकेबंदी केली, फ्रान्सला कॉफी मिळेना, तेव्हा फ्रेंचांनी ही मुळं भाजून तलफ भागवली. म्हणजे ज्या चवीला हे गृहस्थ सनातन समजतात ती युद्धातल्या टंचाईची चव आहे. आपल्याकडे ही मुळं पिकतात कुठे, तर बरीचशी गुजरातेत, जामनगरकडे. आणि आपला कायदा सांगतो की कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के पाहिजे. मी कॉमर्सचा माणूस. 51 टक्के म्हटल्यावर माझ्या लगेच ध्यानात आलं की ही शुद्धता नव्हे, हे कंट्रोलिंग इंटरेस्ट आहे. उरलेल्या 49 टक्क्यांना मताधिकार नाही इतकंच.

याचा अर्थ चिकोरी वाईट असा नाही. मला ती आवडते. माझा झगडा चिकोरीशी नाही, शिक्क्याशी आहे.

त्या तरुणाची मूळ प्रतही अशीच. दाणा इथिओपियातला, तिथे काही भागांत कॉफीत मीठ घालतात, लोणी घालतात. पेयाचा खरा बोलबाला झाला तो येमेनमधून. आणि अरब माणूस तर कॉफीत वेलदोडा घालतो, मनापासून घालतो. आता वेलदोड्याला पासपोर्ट आणि जायफळाला नाही, हे कोणत्या न्यायाने? जायफळही काही आमच्या आळीतलं नव्हे. ते मूळचं बांद्याचं. बांदा म्हणजे सावंतवाडीच्या पुढचं नव्हे; इंडोनेशियातली बांदा बेटं. चारही दिशांचं सामान एका पातेल्यात आणून बाईंनी वर साय येऊ दिली नव्हती, हे कौशल्य कोणाला दिसेना.

आणि हिंदुस्थानी कॉफीच्या कुळाची एवढी चौकशी करणाऱ्यांनी जपून असावं. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने येमेनहून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर पेरले, असं परंपरा सांगते. उगवू शकणारा दाणा देशाबाहेर नेऊ देत नसत म्हणून लपवून. म्हणजे आपल्या समस्त कॉफीचा मूळपुरुषच विदाउट तिकीट आलेला!

प्रवासाने कॉफी बिघडते, हेही या लोकांचं एक ठरलेलं मत. थर्मासमधली म्हणजे मेलेलीच, असं त्या तरुणाने डॉक्टरच्या सुरात सांगितलं. बिघडते, कबूल. पण बिघडण्याचंही शास्त्र आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने युरोपला जायची. वाटेत खारी दमट हवा खाऊन दाणे फुगायचे, पिवळट पडायचे, त्यांचा आंबटपणा जायचा. मालाची ही नासाडीच. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, पुढे आगबोटी झटपट पोचू लागल्या, ताजा हिरवा दाणा मिळू लागला, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली की पूर्वीची चव कुठे गेली? तेव्हापासून आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत कॉफी पसरून तिला मुद्दाम पावसाळी वारा देतात. आज 'मॉन्सून्ड मलबार' या नावाने ती मिरवते, तिला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्या तरुणाच्या पिशवीत तिचाही एक पुडा होता. प्रवासात बिघडलेली कॉफी पोत्यातून गेली तर मानांकन, थर्मासमधून गेली तर मेलेली.

लोकांच्या कपात नाक खुपसण्याचा हा रोग जुना आहे. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने 1781 मध्ये कॉफी भाजण्याचा मक्ता सरकारकडे घेतला आणि चोरून कोण भाजतं हे शोधायला माजी सैनिक नेमले. त्यांचं काम एकच, गल्लीबोळातून वास घेत हिंडायचं. लोक त्यांना कॉफी-हुंगे म्हणत. आमच्या डब्यात जे चाललं होतं ते पाहिल्यावर ही नोकरी बंद झाली असेल यावर माझा विश्वास बसेना; फक्त पगार बंद झाला असावा. त्याच्या शंभर वर्षं आधी, 1675 च्या डिसेंबरात, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला होता. त्याला कॉफीचं वावडं नव्हतं. कॉफी पिता पिता अनोळखी माणसं एकमेकांना जी मतं देत त्यांची त्याला धास्ती होती. दहा-बारा दिवसांत त्याला तो हुकूम मागे घ्यावा लागला. मात्र त्या लोकांची मतं तरी कामाची होती. लंडनच्या कॉफीगृहांतूनच लॉइड्सचा विमा आणि शेअरबाजार निघाला. कोणाचं जहाज बुडेल, कोणाचा कागद चढेल, यावर ते बोलत. समोरच्याच्या कपात काय आहे यावर बोलून अजून कोणाचं जहाज तरलेलं नाही.

हे सगळं मी तिथे बोललो नाही. दोघांची आपसात जुंपली होती, दूध या मुद्द्यावर त्यांचं जमण्याची शक्यता नव्हती. बाई ऐकत होत्या. पहिला पेला चौकटीवर तसाच होता, त्यावर आता साय आली होती. त्यांनी तो उचलला, खिडकीबाहेर ओतला, पेला फडक्याने पुसला आणि त्या तरुणाला म्हणाल्या,

"अरे, नको असेल तर नको म्हणावं बाळा. नाव कशाला ठेवायचं?"

मुलगा चांगल्या घरचा होता. तो गप्प बसला. पण बाईंनी बुच लावलं ते लावलंच. मी आणि ही, आम्ही दोघांनी आमचे पेले आधीच रिकामे केले होते आणि मी तर दुसऱ्यांदा हात पुढे केला होता, म्हणून निदान आमचं तरी साधलं. वरच्या बर्थवरचा एक पोरगेला फौजी मात्र त्या वासाने खाली उतरला होता. तो तसाच परत वर चढला. सहा पेल्यांची सोय, आणि तीन पेले. या हिशेबाची मला अजून चीड येते. बेळगावला उतरताना त्या हिला म्हणाल्या, "पुढच्या वेळी आपलं चहाच आणीन. कॉफीचं आता लोकांना कळतं." माझ्या मते मराठी घरातून पाहुण्यांची कॉफी गेली ती महागाईने गेली नाही, की डॉक्टरांनी दूध-साखर बंद केल्यामुळेही गेली नाही. ती या एका वाक्याच्या धाकाने गेली. चार लोकांनी नाव ठेवलं की आपण वस्तू टाकतो आणि मग तीच वस्तू जायफळासकट एखाद्या काचेच्या दुकानात तीनशे रुपयांना मिळायला लागली की रांग लावतो.

आता कोणी म्हणेल, मग काय वाटेल ते गिळायचं? आमच्या मताला काही किंमत? आहे ना. ज्या कॉफीची किंमत तुम्ही मोजली त्या कॉफीवर मत द्या, खुशाल द्या, वरच्या पट्टीत द्या. गाडीत कोमट पाण्यावर पावडरची पुडी भुरभुरवून पैसे मागणाऱ्याला मी स्वतः सोडत नाही. विमानतळावर एका कपाच्या भावात आमच्याकडे किलोभर पूड येते. तिथे जो बोलणार नाही तो खातेदार कसला! पण घरून निघताना तुमच्यासाठी एक जादा पेला घेतलेल्या माणसासमोर तुम्ही गिऱ्हाईक नसता. तिथे 'हो' आणि 'नको' ही दोनच मतं चालतात. तिसरं मत जवळ असेल तर ते सामानाच्या डब्यात ठेवावं.

आपल्याच लोकांचं मत तर याहून न्यारं. कोल्हापूर असो की विदर्भ, प्रवासात कॉफी मागवली की शेजारचा हमखास विचारतो, "का, बरं नाही का?" आमच्यात कॉफी हे पेय नसून लक्षण आहे.

पहाटे बिरूरच्या आसपास "कापी, कापी" अशी हाक आली, आम्ही घेतली, गरम होती. कडूरला उतरलो. चिकमगळूरच्या पुढे एका मळ्यात उतरायची सोय केली होती. मालक उमदा माणूस. त्याने अंगणात बसवून दोन कप काळी कॉफी दिली आणि ती कशी प्यायची हे सांगायला सुरुवात केली. अरेबिका म्हणजे काय, रोबस्टा कशी दुय्यम, बाहेरचे लोक कॉफीच्या नावाखाली काय काय पितात. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीत रोबस्टाच निम्म्याहून कितीतरी जास्त आहे आणि त्याच्याही मळ्याचा खालचा उतार तिचाच होता, हे त्याच्या गड्याने आम्हाला नंतर दाखवलं. गूळ, दूध, मसाला ही त्याच्या मते कॉफी न समजणाऱ्यांची कामं.

ही मध्येच उठून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी शोधत गेलो तर चुलीपाशी मालकाची आई बसलेली आणि शेजारी पाटावर ही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चुलीवर पातेल्यात गूळ विरघळला होता, त्यात कॉफी पडली होती, वर म्हातारीने काहीतरी चिमूटभर टाकलं. 'बेल्लद कापी' म्हणतात तिला, गुळाची कॉफी. मलनाडच्या घराघरांतून हीच पीत आलेत. म्हातारीने मला पाहिलं, एक पेला भरला आणि म्हणाली, "कुडीरी." एवढाच शब्द. उंचीबद्दल नाही, अंशांबद्दल नाही.

अंगणातून मालकाने हाक मारून सांगितलं की ती खरी कॉफी नव्हे, अम्माची जुनी सवय आहे, मनावर घेऊ नका. हिने पेला पुन्हा पुढे केला.

तिसऱ्या दिवशी निघताना बिल आलं. सवयीने मी ते वरपासून खालपर्यंत पडताळलं. अंगणातल्या कॉफ्या एकूण एक लावल्या होत्या. स्वयंपाकघरातली एकही नव्हती.